जुन्या कॉम्प्युटर दुरुस्तीचा व्यवसाय : आधी निदान, मग पार्ट



आपल्या छोट्या व्यवसायांच्या मालिकेत आज जुने कॉम्प्युटर दुरुस्त करण्याचा व्यवसाय घेऊ. व्हिडिओत हाताने करून दाखवलेल्या गोष्टी इथे क्रमाने लिहून दिल्या आहेत, म्हणजे टेबलावर यंत्र उघडून बसलात की हा लेख शेजारी ठेवता येईल.

तुम्ही म्हणाल, आता सगळं मोबाईलवर चालतं, जुने डबे कोण दुरुस्त करून घेणार? जरा आपल्याच जिल्ह्यात फिरून बघा. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत दुकानांत, शाळांत, घराघरांत कॉम्प्युटर आले. एमएस-सीआयटीचे क्लास निघाले, लग्नपत्रिका छापणाऱ्यांनी डीटीपीची मशीन घेतली, मोंढ्यातल्या आडत दुकानात हिशेब कॉम्प्युटरवर गेला. त्यातली बरीच यंत्रं अजून कुठल्या तरी टेबलावर किंवा माळ्यावर आहेत. पेंटियम फोर, ड्युअल कोर, कोअर टू ड्युओ, शेजारी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. मालक ती टाकत नाही, कारण आत त्याचा जुना हिशेब आहे, पत्रिकांची डिझाइन आहेत किंवा घरच्यांचे फोटो आहेत.

हा मुद्दा पक्का लक्षात ठेवा. गिऱ्हाईक डबा घेऊन येतं, पण त्याचा जीव आतल्या माहितीत अडकलेला असतो.

नवे दुकानदार इथेच बुडतात

समजा, वसमतचे एक आडते मशीन घेऊन आले. "बघ रे भाऊ, डिस्प्लेच येत नाही. हळदीचा सीझन आहे, उद्या सकाळी पाहिजे." तुम्हाला वाटलं रॅम गेली असेल. नांदेडहून रॅम मागवली, बसवली, तरी अंधारच. मग एसएमपीएस बदलला, तरी तेच. तोवर तीन दिवस गेले, पदरचे पैसे अडकले. जुन्या मशीनचे पार्ट दुकानदार परत घेतीलच असं नाही. आणि शेवटी कळलं, मॉनिटरची केबलच सैल होती!

अंदाजाने पार्ट बदलणारा गिऱ्हाइकाच्या पैशाने जुगार खेळतो, आणि हरला की स्वतःच्या खिशातून भरतो. म्हणून या धंद्यात तुम्ही विकायची पहिली वस्तू म्हणजे निदान. डॉक्टर तपासणीची फी वेगळी घेतो, औषधाचे पैसे वेगळे. तुमचंही तसंच पाहिजे.

टेबलावर काय काय हवं

सुरुवातीला मोठं भांडवल लागत नाही.

- डिजिटल मल्टिमीटर, स्क्रू-ड्रायव्हरचा संच, मऊ ब्रश, ब्लोअर
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, खोडरबर, थर्मल पेस्ट
- नक्की चालू आहे अशी खात्री असलेला एक एसएमपीएस
- डीडीआर वन, टू आणि थ्री या तिन्ही प्रकारची चालू असलेली एकेक रॅम
- आयडीई आणि साटा या दोन्ही हार्ड डिस्क यूएसबीला जोडणारी केबल
- सीआर२०३२ चे सेल आणि मदरबोर्डला लावायचा छोटा बझर
- लिनक्सचा पेन ड्राइव्ह आणि त्याचीच एक सीडी, कारण फार जुनी यंत्रं पेन ड्राइव्हवरून सुरू होत नाहीत

"चालू आहे अशी खात्री असलेला" हे शब्द महत्त्वाचे. तुमचा तपासायचा पार्टच बिघडलेला असेल तर सगळं निदान चुकतं. भंगारातून असे पार्ट स्वस्तात मिळतात. घरी आणून तपासा, त्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवा आणि ते विकू नका. ते तुमचे वजनमापं आहेत.

तपासणीचे सात टप्पे

क्रम साधा आहे : फुकटचं आधी, स्वस्तातलं नंतर, महागाचं शेवटी. एका वेळी एकच बदल करायचा आणि प्रत्येक बदल वहीत लिहायचा.

१. विचारा. बंद कधी पडलं? त्याआधी काय झालं? लाइट गेली होती का, वीज कडाडली का, कोणी जागा हलवली का, आधी कोणी उघडलं होतं का? "काल मुलाने साफ केलं" एवढं एक वाक्य तुमचा तासभर वाचवतं. साफ करताना रॅम हलली असणार किंवा एखादी केबल निघाली असणार.

२. बघा. करंट न देता, वायर काढून, झाकण उघडा. आपल्याकडे मोंढ्याची धूळ आणि उन्हाळा, दोन्ही जबर. प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीची गादी बसलेली असते. ती ब्रशने काढा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, तो जोरात गरगर फिरू देऊ नका.

मग मदरबोर्डवरचे कपॅसिटर, म्हणजे छोट्या डब्यांसारखे दिसणारे पार्ट, एकेक करून पाहा. डोकं सपाट असेल तर ठीक. फुगलेलं असेल किंवा वरून तपकिरी पाझर दिसत असेल तर दोष सापडला. साधारण १९९९ ते २००७ या काळातल्या अनेक मदरबोर्डमध्ये हा आजार जगभर आढळला, कारण तेव्हा बाजारात खराब इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर आले होते. बदलताना मायक्रोफॅरॅड तेवढेच ठेवा, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, आणि १०५ अंशांचा, लो ईएसआर प्रकारचाच घ्या. काढण्याआधी मोबाईलने फोटो काढून ठेवा. धन-ऋण उलटं लागलं तर नवा कपॅसिटर फुटतो.

३. डेटा आधी वाचवा. हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर मशीन पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. प्रत्येक वेळी डिस्क आणखी खराब होऊ शकते. अशी डिस्क डेटा काढून देणाऱ्या तज्ज्ञाकडे पाठवायची की नाही, हे मालकाला विचारा. आवाज ठीक असेल तर डिस्क काढा, यूएसबी केबलने तुमच्या मशीनला जोडा आणि सगळ्यात आधी कॉपी करा. कॉपी होण्यापूर्वी दुरुस्तीचा कुठलाही प्रोग्राम त्या डिस्कवर चालवू नका, कारण तो डिस्कवर लिहितो.

मराठी माणसासाठी इथे एक खास गोष्ट. जुन्या पत्रिका, अर्ज, शाळेचे दाखले हे श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएम अशा युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतात. तुम्ही फक्त फाइल कॉपी केल्या आणि विंडोजमधलं फॉन्टचं फोल्डर राहिलं, तर नव्या मशीनवर मजकुराच्या जागी अगम्य इंग्रजी अक्षरं दिसतात. मालक म्हणतो, "माझ्या फाइली खराब केल्या!" म्हणून फॉन्टचं फोल्डर नेहमी सोबत घ्या. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स त्या मशीनशी बांधलेलं आहे का, डोंगल आहे का, हेही फॉरमॅटआधी विचारा.

४. वीज तपासा. आधी भिंतीतला पॉइंट, मग केबल, मग एसएमपीएस. घरात अर्थिंग नीट नाही असा संशय आला तर वायरमनला बोलवायला सांगा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात ही तक्रार हसण्यावारी नेऊ नका.

एसएमपीएस तपासण्यासाठी तो मदरबोर्डपासून सोडवा. वीज बंद असताना मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर आणि कुठलीही काळी वायर एका तारेने जोडा. भार म्हणून एखादा जुना डीव्हीडी ड्राइव्ह लावा, मग स्विच चालू करा. पंखा फिरला तरी लगेच पास करू नका. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळी टोचणी काळ्या वायरला लावा आणि मोजा :

- पिवळी : ११.४ ते १२.६ व्होल्ट
- लाल : ४.७५ ते ५.२५ व्होल्ट
- नारिंगी : ३.१४ ते ३.४७ व्होल्ट

आकडा याच्या बाहेर गेला तर एसएमपीएस बदला. तो उघडून दुरुस्त करायला बसू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि वायर काढल्यावरही तो काही काळ टिकतो. ट्यूबवाला जुना मॉनिटर तर अजिबात उघडायचा नाही. तिथे २० हजार व्होल्टपर्यंत आणि त्याहूनही जास्त दाब असतो. हे काम शिकलेल्या टीव्ही मेकॅनिकचं आहे.

५. कमीत कमी पार्टवर चालवा. हार्ड डिस्क, डीव्हीडी, जादा कार्डं सगळी काढा. राहू द्या फक्त मदरबोर्ड, प्रोसेसर, एक रॅम, एसएमपीएस आणि मॉनिटर. आता डिस्प्ले आला तर दोष काढलेल्या पार्टपैकी एकात आहे. एकेक परत लावा. जो लावल्यावर बंद पडतं, तो दोषी.

६. बझर ऐका. डिस्प्ले नसेल तर बझर लावा आणि रॅमही काढून टाका. मशीन चालू केल्यावर बीप-बीप असा ओरडा झाला तर आनंद माना! मदरबोर्ड आणि प्रोसेसर जिवंत आहेत आणि "मला रॅम मिळत नाही" असं सांगत आहेत. मग रॅमचे सोनेरी दात खोडरबरने हलकेच पुसा, चुरा झटका, स्लॉट ब्रशने साफ करा आणि रॅम 'कट्' आवाज येईपर्यंत दाबून बसवा. डिस्प्ले नसलेल्या जुन्या मशीनवर हा उपाय पार्ट विकत घेण्याआधी करायचाच. काहीच आवाज नाही आला तर दोष मदरबोर्ड, प्रोसेसर किंवा वीजपुरवठ्यात आहे.

७. सेल आणि उष्णता. तारीख-वेळ रोज मागे जाते, सुरू होताना एफ-वन दाबायला सांगतं, तर सीआर२०३२ सेल मोजा. नवा सेल ३ व्होल्टच्या आसपास दाखवतो. अडीचच्या खाली गेला की बदला. मशीन वीस मिनिटं चालून बंद पडतं, तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळलेली असू शकते. जुनी पुसा आणि वाटाण्याएवढी नवी लावा.

खरंच पुरातन यंत्र आलं तर?

कधी एखादे निवृत्त गुरुजी किंवा शहरातला एखादा हौशी संग्राहक ऐंशीच्या दशकातलं यंत्र घेऊन येईल. १९८४-८५ पासून केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पात देशातल्या निवडक शाळांना बीबीसी मायक्रो हे कॉम्प्युटर दिले गेले होते. ब्रिटनचा स्पेक्ट्रम प्लस हा घरगुती कॉम्प्युटरही आपल्या देशात डेसिबेल्स कंपनीने 'डीबी स्पेक्ट्रम' नावाने विकला. टीव्हीला जोडायचे, कॅसेटवरून प्रोग्राम भरायचे.

अशा यंत्राला उत्साहाने लगेच वीज देऊ नका. स्पेक्ट्रमला ९ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, पण त्याच्या पिनच्या मध्यभागी ऋण असतं. आजच्या बहुतेक अडॅप्टरमध्ये मध्यभागी धन असतं. पिन बसली म्हणून लावला तर यंत्राचं मोठं नुकसान. बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमधले जुने कपॅसिटर तडकतात आणि चालू करताच धूर काढतात, म्हणून ते आधी बदलून घेतात. नव्वदीच्या सुमाराच्या ३८६, ४८६ मशीनवर मदरबोर्डला डाग दिलेली छोटी बॅटरी असते. ती पाझरून तांब्याच्या रेषा खाते, हिरवट-निळी पावडर दिसते. ती बॅटरी कापून काढा. पाझर अल्कधर्मी असतो, म्हणून कापसाच्या काडीने पांढरा व्हिनेगर लावा, मग अल्कोहोलने पुसा.

असं काम जिल्ह्यात वर्षाला किती येणार? फार नाही. त्याच्यावर दुकान उभं करू नका. पण आलं तर "माहीत नाही" म्हणून परत पाठवण्याऐवजी वीज न देता, फोटो काढून, नीट विचार करून हात लावा.

फी कशी ठरवायची

आता पैशाचं बोलू. खालचे आकडे मांडणी समजण्यासाठी आहेत, त्यांच्या जागी तुमच्या गावचे टाका.

समजा तपासणी फी २०० रुपये. महिन्याला २० मशीन आली तर ४,००० रुपये. त्यातली १० दुरुस्तीला गेली, मजुरी सरासरी ४०० धरली तर आणखी ४,०००. पार्टवर प्रत्येकी १०० सुटले तर १,०००. एकूण ९,०००. यातून दुकानभाडं, लाइट बिल, येण्याजाण्याचा खर्च मिळून ४,००० गेले तर हातात ५,००० राहतात.

खरं सांगायचं तर एवढ्यावर घर चालत नाही. म्हणून दुसरा पाय हवा. मोंढ्यातली, बाजारपेठेतली १० दुकानं महिना ३०० रुपयांच्या देखभालीवर बांधा. महिन्यातून एकदा जायचं, धूळ काढायची, हिशेबाचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्यायचा, प्रिंटर बघायचा. हे ३,००० रुपये मशीन बिघडो न बिघडो, येतातच. आणि बिघडलं तर फोन तुम्हालाच येतो. मार्चअखेर आणि हळदीच्या सीझनआधी एक फेरी जास्त मारा. त्या दिवसांत मशीन बंद पडलं तर त्या माणसाचा काटा थांबतो, आणि तुमचं नाव तेव्हाच होतं किंवा जातं. सुरुवात घरातून, मोबाईल किंवा झेरॉक्सच्या दुकानाला जोडून करा. पहिल्या दिवशी गाळा घेण्याची घाई नको.

गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत शांतपणे सांगा : "काका, २०० रुपये तपासणीचे. दोष काय, खर्च किती, ते उद्या सांगतो. तुम्ही हो म्हटल्याशिवाय पार्ट बदलणार नाही आणि डेटाला हात लावणार नाही." काही लोक फी ऐकून परत जातील. जाऊ द्या. जे थांबतील, ते तुमच्या शब्दावर थांबलेले असतील.

वहीत लिहायच्या गोष्टी

प्रत्येक मशीनला एक पान द्या. गिऱ्हाइकाचं नाव, तक्रार त्याच्याच शब्दांत, मशीनसोबत काय काय आलं, आतल्या पार्टचे नंबर, टप्प्याटप्प्याने काय केलं, डेटा कॉपी झाला का, आणि सही. फॉरमॅटला लेखी होकार असल्याशिवाय हात लावायचा नाही. "माझी चार जीबी रॅम होती, तू दोनची लावलीस" हा वाद पार्टचा फोटो असला की मिटतो. आणि कुणाच्या फोटोंचं फोल्डर उघडून बघायचं नाही. छोट्या गावात ही गोष्ट एकदा पसरली की दुकान बंदच.

"नको" म्हणायलाही शिका

काही मशीन दुरुस्त करू नयेत. मदरबोर्ड गेलेलं पेंटियम फोर घ्या. तसाच जुना बोर्ड शोधून बसवायचा, तो किती दिवस टिकेल याची हमी नाही. अशा वेळी डेटा काढून द्या, त्याची मजुरी घ्या आणि मालकाला सरळ सांगा : "यात पैसे घालू नका."

कोअर टू ड्युओ ठीक असेल तर साटा एसएसडी आणि थोडी रॅम टाकून, हलकं लिनक्स घालून मुलांच्या टायपिंगसाठी ते छान चालतं. विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला, विंडोज सेव्हनचा १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज टेनचा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या सॉफ्टवेअरसाठी एक्सपी ठेवायचंच असेल तर इंटरनेटची वायर काढून ठेवा. त्यावर बँकेचा व्यवहार करू देऊ नका.

उरलेलं भंगार जाळू नका, नाल्यात टाकू नका. वायर जाळून तांबं काढणाऱ्याला तर देऊच नका. त्या धुरात विष असतं. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. मेलेले बोर्ड एका पोत्यात साठवा आणि अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे द्या. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते, ती करून घ्या. बँकेत आणि जिल्हा उद्योग केंद्रात तीच पहिल्यांदा विचारतात.

या आठवड्याचं काम

भंगारवाल्याकडून एक बंद कॅबिनेट आणा. चालू होईल की नाही याची फिकीर करू नका. वरचे सात टप्पे त्यावर सलग पाच वेळा करा आणि प्रत्येक वेळी वहीत लिहा. पाचव्या वेळेला तुमचा हात आपोआप आधी केबलकडे जाईल आणि रॅम विकत घ्यायचा विचार शेवटी येईल. तसं झालं की पहिलं गिऱ्हाईक घ्यायला हरकत नाही.

कुठे अडलात तर तुमच्या मशीनची तक्रार आणि कितव्या टप्प्यावर थांबलात ते व्हिडिओखाली लिहा. फक्त "चालू होत नाही" एवढंच लिहू नका, काय काय तपासलं तेही लिहा. पुढच्या भागात डॉट मॅट्रिक्स प्रिंटर घेऊ : ओळी पुसट का येतात, हेडची पिन तुटली की रिबन वाळली ते कसं ओळखायचं, आणि त्यातून मोंढ्यातली कायमची गिऱ्हाइकं कशी जोडायची.